मळ्याच्या दारातल्या वहाणा

पाहुण्यांच्या पायताणांच्या गर्दीत शिवगंगेला आपल्या भावाच्या वहाणा दिसल्या आणि हातातला तांब्या कलंडून निम्मं पाणी तिच्याच पदरावर सांडलं.

वहाणा पानमळ्याच्या दारात होत्या. कुडाला लागून, एकीला एक चिकटून, नीट ठेवलेल्या. डाव्या वहाणेच्या अंगठ्याला तांबड्या कातड्याचं ठिगळ होतं. पंचमीला ती माहेरी गेली तेव्हा तिच्यादेखतच ते लावून घेतलेलं, त्यामुळं ओळखण्यात चूक व्हायला जागाच नव्हती. भोवती धाराशिवच्या वकिलाचे पंपशू, लोहाऱ्याच्या हणमंतप्पांचा करकरीत जोडा, शेतीखात्याच्या साहेबाचे बूट, आणि अगदी खेटून अमीनसाहेबाचे जाड काळे बूट. अमीन म्हणजे पोलिसांचा अंमलदार. जो माणूस तिच्या भावाला, गुरुलिंगाला, हुडकत सगळा तालुका पालथा घालत होता, त्याचे बूट गुरुलिंगाच्याच वहाणांवर रेलले होते. शिवगंगेनं कुडाला धरलं.

आता ह्या पोराला काय म्हणावं? पोलीस मागावर, जिवावर बेतलेलं, रानातनं ठेचकाळत आलेला, आणि मळ्याच्या दारात आल्यावर हा शहाणा थांबला. वाकला. वहाणा काढल्या, जोडून ठेवल्या, आणि मग आत लपायला गेला! दुसरा कुणी असता तर वहाणांसकट आत घुसला असता आणि सुखी राहिला असता. पण गुरुलिंग पानमळ्यात वाढलेला. पानमळ्यात पायताण चालत नाही. वेल रुसतो, मुळातनं कुजतो, असं म्हणतात. खरं खोटं देव जाणे, पण ज्यांचा मळा आहे त्यांच्या घरात रांगतं पोरसुद्धा दारात थबकतं. त्याला त्यासाठी विचार करावा लागत नाही. गुरुलिंगानंही केला नाही, आणि तिथंच सगळं अडलं.

ते साल इंग्रज गेल्याचं. तिकडं सोलापुरात झेंडे लागले, साखर वाटली, आणि हद्दीच्या अलीकडं तामलवाडीच्या शिवारात मात्र निजामाचाच हुकूम. शिंदीच्या झाडांवर सरकारला पैका मिळायचा, म्हणून चळवळीतल्या पोरांनी शिंदीची बनं तोडायला काढली होती. गुरुलिंग त्यातलाच. कुऱ्हाड घेऊन पुढं. त्याच्या जोडीदाराला पोलिसांनी धरून नेलं आणि तो घरी आला तो बैलगाडीत, घोंगडीखाली. त्याच्या आईला घोंगडी वर करू दिली नाही. हे शिवगंगेला ठाऊक होतं, आणि गुरुलिंग सापडला तर आपल्या आईच्या दारात कुठली गाडी येणार हेही तिला ठाऊक होतं.

सकाळी ती मोटेच्या बाजूनं मळ्यात गेली होती, पूजेची पानं खुडायला. घराकडनं तीच वाट जवळची. पार पलीकडच्या कोपऱ्यात, जुन्या वेलांच्या दाटीत, पांगाऱ्याच्या बुडाशी तो अंगाचं मुटकुळं करून बसला होता.

"अक्का, वरडू नको," तो म्हणाला.

ती त्याच्यापुढं उकिडवी बसली. "इथं कशाला आलास रं? आज मळा दाखवायचाय. गावोगावची मान्सं येणार हायेत."

"अंधार पडला की हद्दीपलीकडं जातो. दिवस तेवढा काढू दे."

तेवढ्यात पहिल्या गाडीची घुंगरं वाजली. तिनं पदराखालची भाकरी त्याच्या हातात कोंबली, पडलेले वेल त्याच्यावर ओढले आणि आल्या वाटेनं घरी पळाली. दाराकडं बघायचं तिला सुचलं नाही. सुचणार तरी कसं?

हे मळा दाखवणं म्हणजे तिच्या सासऱ्यांचं वेड. महालिंगप्पा दरसाल दिवाळी सरली की बागवाल्यांना बोलावत. ज्याला झाडापेडाचा नाद आहे त्यानं यावं, मळा बघावा, विचारायचं ते विचारावं, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर जेवून घरी जावं. कुणी डाळिंबवाला, कुणी फुलवाला. धाराशिवच्या वकिलाकडं तर कुंड्यांत चार गुलाब, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांची बाग कोसभर पसरलीय. सालाबादप्रमाणं शेतीखात्याचा साहेबही यायचा आणि वेलांच्या रोगावर भाषण द्यायचा. ह्या साली त्याच्याबरोबर अमीन आला. का आला? तर म्हणे त्यालाही बागेचा शौक होता. आणि गंमत अशी की तो खरंच होता.

शिवगंगेनं सासऱ्यांना काही सांगितलं नव्हतं, त्याला कारण होतं. महालिंगप्पांना खोटं बोलता येत नसे. पानांच्या जुडीत, कवळीत, एखादं डागी पान गेलं तर गिऱ्हाइकाला वेशीपासून माघारी बोलावणारा माणूस. त्यांना अमिनानं नुसतं विचारलं असतं, "अंदर कोई है?", तर त्यांच्या तोंडावर उत्तर आधी उमटलं असतं आणि जीभ मग हलली असती. नवरा असता तर गोष्ट वेगळी. पण शरणबसप्पा पानांचे करंडे घेऊन बिदरकडं गेलेले. घरात ती, सासरे आणि स्वयंपाकाला आलेली नागम्मा.

वहाणा उचलायच्या कशा? दारात अमिनाचा एक जवान ठाण मांडून बसला होता. साहेबाच्या बुटांना कुत्रं लागू नये म्हणून त्याला तिथं ठेवलेलं. शिवगंगेनं तांब्या पुन्हा भरून आणला.

"पाणी घ्या, दादा."

जवान पाणी प्यायला. तिनं तांब्या घ्यायला वाकल्यासारखं करून पायानंच वहाणा कुडाच्या फटीकडं सरकवायला घेतल्या.

"अगे अगे, राहने दो बाई," जवान म्हणाला. "जूतां मेरे हवाले हैं. इधर का उधर हुआ तो साब मेरी खाल निकालते."

तिनं पाय मागं घेतला. हसल्यासारखं केलं.  आता बाहेर येताना प्रत्येकजण आपापलं पायताण घालणार, आणि शेवटी हा एक जोड उरणार. उरलेल्या जोडाचा माणूस कुठं आहे हे सांगायला कुणी पंचांग बघायला नको.

"शिवगंगा," आतनं सासऱ्यांची हाक आली. "लव्हाळा घिऊन ये."

ती आत गेली. पानमळ्यात दिवसासुद्धा सावलीच असते. शेवरीवर, पांगाऱ्यावर चढलेले वेल, पायाखाली ओली गार माती. अनवाणी माणसं पाटाच्या कडेनं दबकत चालत होती. तुळजापूरचे गुरवबुवा आधी पाय कुठं ठेवू म्हणून विचारायचे आणि मग नेमका चिखलात ठेवायचे. शेतीखात्याचा साहेब पायाला माती लागते म्हणून टाचांवर चालत होता. अमीन मात्र खुशीत होता. वेलाशी थांबायचा, पानाला बोट न लावता खाली वाकायचा, वास घ्यायचा.

"क्या खुशबू है," तो हळूच म्हणाला. असल्या माणसाची भीती वाटू नये, पण शिवगंगेला त्याचीच सगळ्यांत जास्त वाटली. ज्याला पान बघायचा नाद आहे तो पानाआडचं बघितल्याशिवाय कसा राहील?

महालिंगप्पा रंगात आले होते. "वेल झाडाला बांधायचा तो दोरीनं न्हाई. दोरी काचते. लव्हाळ्यानं बांधायचा, आन् पोकळ बांधायचा. आमच्या घरात हे काम सूनबाईचं. दाखव, पोरी."

शिवगंगा पुढं झाली. रोज करायचं काम, झोपेतसुद्धा केलं असतं. पण आज लव्हाळा बोटांत राहीना. गाठ मारायला गेली आणि वेलाचा कोवळा शेंडा तिच्या हातात मोडून आला. ती नुसती बघत राहिली. वेलाचा शेंडा मोडणं म्हणजे त्या घरात भरल्या ताटाला लाथ मारण्यासारखं. महालिंगप्पांच्या कपाळावरचं भस्म आठ्यांत गेलं.

"बाई के हाथां काँप रहे," अमीन म्हणाला. त्यानं तिच्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं बघितलं, आणि बघतच राहिला.

"पाव्हण्यांम्होरं लाजली," महालिंगप्पा म्हणाले.

मग अमिनानं मान वळवली, ती थेट पलीकडच्या कोपऱ्याकडं. "उधर अंधेरा जास्ती है. उधर क्या है?"

"ते जुनं वेल. पंधरा वर्सांचं," महालिंगप्पांचा चेहरा उजळला. "चला की, दाखवतो. वेल खाली उतरवून मातीत कसा गाडायचा आन् त्याला नवी फूट कशी आणायची, ते तिथंच दिसंल तुमाला."

आणि निघाले! ज्या कोपऱ्याकडं जाऊ नये त्याच कोपऱ्याकडं हा भला माणूस पाहुण्यांची रांग लावून निघाला.  दोन वाफे राहिले. पांगाऱ्याचं खोड दिसायला लागलं. खोडाशी वेलांचा ढीग. वारं नव्हतं, तरी ढिगातलं एक पान हललं.

"मामंजी," ती म्हणाली. आवाज फाटका निघाला. "तिकडं नको. नाग हाय."

रांग थांबली. शेतीखात्याचा साहेब जागच्या जागी उडाला आणि वकिलाच्या पायावर उतरला.

"कवा बघितलास?" महालिंगप्पांनी विचारलं.

"सकाळी. पानं खुडताना."

"सांगितलं न्हाईस ते."

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. अमीन मात्र हसला. "नाग से हमको डर नहीं. देखेंगे."

त्यानं पाऊल उचललं होतं. महालिंगप्पा त्याच्यापुढं आडवे झाले आणि त्यांनी हात जोडले. "न्हाई साहेब. नाग मळ्याचा राखणदार. तो बसला असंल तिथं आमी त्याला उठवत न्हाई. आज ऱ्हाऊ द्या. पुन्यांदा या, तवा दाखवतो."

अमिनानं क्षणभर त्या ढिगाकडं बघितलं.  "जैसी आप की मर्जी," अमीन म्हणाला आणि वळला. बागेचा मान राखणारा माणूस होता तो, त्याला नाव ठेवता येत नाही.

सगळे माघारी फिरले. शेतीखात्याचा साहेब सगळ्यांच्या पुढं, आणि आता टाचांवर नव्हे, चांगला भराभर.

सगळे दाराशी आले. माणसं वाकत होती, आपापलं पायताण ओढत होती, पाय झटकत होती. हणमंतप्पांचा जोडा गेला. पंपशू गेले. गुरवबुवांनी दुसऱ्याच्याच वहाणेत पाय घातला, सगळे हसले, शिवगंगेला आशा वाटली की हा घोटाळा असाच वाढत जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. पण बुवांना त्यांच्या वहाणा सापडल्या. ढीग कमी कमी होत गेला. अमीन दाराजवळच्या बाकड्यावर बसला, जवानानं त्याला बूट चढवले, पायाच्या पट्ट्या गुंडाळल्या. सगळे जेवायला घराकडं वळले आणि दारात एक जोड तेवढा उरला.

अमीन उठता उठता थांबला.

"ये चप्पलां किसके हैं?"

 एकेकानं आपल्या पायांकडं बघितलं. माणसाला आपण वहाणा घातल्यात की नाही हेही अशा वेळी बघावं लागतं.

"हुजूर, ये तो मैं आया उसके पहले से यहाँ थे," जवान म्हणाला.

"महालिंगप्पा, आप के घर के?"

शिवगंगेच्या तोंडात उत्तर तयार होतं. मालकांच्या हायेत, म्हणायचं होतं, शरणबसप्पांच्या, जुन्या. एवढंच. पण तिच्या आधी सासरे बोलले. खाली वाकून त्यांनी वहाणा नीट बघितल्या, ठिगळ बघितलं, आणि आपल्या खऱ्या स्वभावानं सांगून टाकलं.

"न्हाई साहेब. आमच्या घरातलं समदं पायताण म्या वळखतो. हे आमचं न्हवं."

संपलं. ती वाट बंद झाली. शिवगंगेला सासऱ्यांचा असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढं खरं बोलून कुणाचं भलं होतं?

अमिनाचा चेहरा बदलला. बाग बघणारा माणूस त्या चेहऱ्यावरनं गेला आणि अंमलदार आला. आवाज मात्र तसाच मऊ. "यानी एक आदमी अंदर है. नंगे पाँव." तो पुन्हा बाकड्यावर बसला आणि त्यानं जवानापुढं पाय केला. "बूट उतारो. बाग में जूता नहीं जाता."

जवान पट्ट्या सोडायला लागला. फेऱ्यावर फेरा. त्या पट्ट्या सुटेपर्यंत जेवढा वेळ होता तेवढंच गुरुलिंगाचं आयुष्य, आणि शिवगंगेला ते डोळ्यांपुढं उलगडत जाताना दिसत होतं. तिला बैलगाडी दिसली. घोंगडी दिसली. आईचा हात घोंगडीकडं गेलेला दिसला.

"ते पायताण माझं हाय," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. ती पुढं झाली, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत, गावोगावच्या पुरुषांच्या डोळ्यांदेखत, आणि त्या वहाणांत तिनं पाय घातले. आधी उजवा, मग डावा. त्या घरातल्या सुनेनं वडीलधाऱ्यांपुढं पायताण घालायचं नसतं, आणि पुरुषाचं तर घरातसुद्धा नाही. हणमंतप्पांनी तोंड फिरवलं.

"मेरे को तो बोले, घर के नहीं," अमीन म्हणाला.

"मामंजींना ठावं न्हाय. म्या चोरून घालते. माझ्या बापाच्या हायेत, माहेरासनं आणल्या. रानात काटं लई. पायाला भेगा पडत्यात." ती बोलत गेली, थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून. "सकाळी काढून ठिवल्या आन् ऱ्हायल्या. मगाधरनं त्याचंच भ्याव वाटत होतं. मामंजी बघत्याल म्हणून."

"इस वास्ते काँप रहे थे?"

तिनं मान हलवली. थरथर खरी होती, तिला काही वेगळं करावं लागलं नाही. वकील मिशीत हसला. दुसरा कुणी फसकन हसला. अमीन हसला नाही. तो तिच्या पायांकडं बघत होता. वहाणेच्या बाहेर आलेल्या टाचा, त्यांवरच्या काळ्या भेगा.

"जरा चलके बताओ, बहन," तो म्हणाला.

ती चालली. देवा, माणूस चालणंही विसरतो का? पट्टा अंगठ्यात धरायचा की सोडायचा, टाच आधी टेकायची की चवडा, काही कळेना. वहाणा तिच्या पायांपेक्षा मोठ्या, एक पाऊल पुढं टाकलं की वहाण मागं राहायची. फटक, फटक. दुसऱ्या पावलाला डावी वहाण निम्मी निसटली. तिनं बोटं आवळली. अमिनाच्या भुवया जवळ आलेल्या तिला दिसल्या. तो तोंड उघडणार, आणि आता उघडलं की सगळं संपणार.

त्याच्या आधी महालिंगप्पा आले आणि त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली.

ती कुडावर जाऊन आदळली. साऱ्या पंचक्रोशीत ज्या माणसानं बैलाला कधी चाबूक मारला नाही तो माणूस तिच्यापुढं उभा राहून थरथरत होता. "मला फसवलंस," ते म्हणाले. "माझ्या मळ्याच्या दारात, चार मान्सांत, मला खोटं पाडलंस. आजपासनं मळ्यात पाऊल टाकायचं न्हाई." त्यांनी पुन्हा हात उचलला.

अमीन उठून मध्ये आला. एका पायाची पट्टी सुटून मागनं लोंबत होती. "बस, बस महालिंगप्पा. औरत पे हाथ नक्को. मेरी गलती, मैंच पूछा." तो खरंच ओशाळला होता. एका बाईला आपल्या चौकशीपायी चारचौघांत मार बसला, हे त्याला सोसेना. त्यानं जवानाला पट्टी बांधायला लावली, जेवणाला नको म्हणाला, एक विडा तेवढा घेतला. घोड्यावर बसताना म्हणाला, वेलाचं बेणं न्यायला परवा येतो, आपल्या गुलाबाशेजारी लावून बघायचंय.

बाकीची माणसं खाली माना घालून हुग्गी जेवली. शेतीखात्याच्या साहेबानं भाषण थोडक्यात आवरलं. उन्हं कलायच्या आत शेवटची गाडी गेली आणि अंगण रिकामं झालं.

शिवगंगा गोठ्याच्या आडोशाला बसून होती. पाहुणे होते तोवर तिनं वहाणा काढल्या नाहीत, आणि गेल्यावर काढायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. गाल ठणकत होता. गालाचं काय एवढं? पण मळ्यात पाऊल टाकायचं नाही, हा शब्द महालिंगप्पांचा होता, आणि आत पोरगं उपाशी होतं. सकाळची भाकरी ती केवढी? आणि बेणं न्यायला परवाच येतो म्हणून उद्या येणार नाही, किंवा आताच वाटेतनं फिरणार नाही, असं थोडंच आहे?

दिवेलागणीला तिनं फडक्यात भाकरी बांधली आणि ती मळ्याच्या दाराशी गेली. मोटेच्या बाजूला नागम्मा भांडी घासत होती, तिकडनं जाता येईना. दारात उभी राहून ती आत बघायला लागली. हाक मारावी की न मारावी? आतनं पावलं वाजली.

ती पावलं गुरुलिंगाची नव्हती. कुडाआडनं महालिंगप्पा बाहेर आले.  ते त्या कोपऱ्याकडनं आले होते. त्यांनी बघितलं होतं. आता हा माणूस सरळ चावडीवर जाईल, आणि विचारलं तेवढं सगळं खरं खरं सांगेल.

मग तिला त्यांच्या हातातलं ताट दिसलं. ताटात हुग्गी होती, निम्मी खाल्लेली.

"निम्मीच खाल्ली पोरानं," महालिंगप्पा म्हणाले. "लई भेदरलंय. हात कापत्यात त्याचे."

  म्हाताऱ्याच्या हातातल्या ताटात वाटी किणकिणत होती.

"तुमाला कवा कळलं?" तिनं विचारलं.

"तू चाललीस तवा. तसं चालणारीनं लगीन होऊन आल्यापासनं पायताण घातलेलं न्हाय. माझ्या ध्यानात आलं म्हंजे अमिनाच्याबी येणारच होतं. आणखी दोन पावलं टाकली असतीस तर पुरतं कळलं असतं त्याला. थांबवायचं कसं तुला? मला दुसरं काई सुचलं न्हाई." ते तिच्या गालाकडं बघत होते आणि बघवत नव्हतं. "लई लागलं का गं?"

तिनं मान हलवली, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं. दिवसभराचं सगळं रडू आलं. महालिंगप्पा ताट धरून उभे राहिले. त्यांना रडणाऱ्या बाईपुढं काय करावं ते कळत नव्हतं.

"जा आत," ते म्हणाले. "अंधार पडलाय. त्याला निघू दे आता. परवा अमिनानं पायताणाचं इचारलं तर म्या सांगंन, रागाच्या भरात चुलीत घातलं."

शिवगंगेनं डोळे पुसले. मळ्याच्या दारात ती थांबली, वाकली, पायांतल्या वहाणा काढल्या आणि कुडाला लागून जोडून ठेवल्या.

"दारात ठिवू नको," महालिंगप्पा म्हणाले. "आत घिऊन जा."